अमेरिकेच्या परिसंघाचे दोष १७८७ च्या राज्यघटनेने नेमके कसे दूर केले?

यवतेश्वर (सातारा)

नमस्कार. मी साताऱ्यात राहून राज्यशास्त्रात एम.ए. करते आहे. तौलनिक शासनपद्धतीच्या पेपरात अमेरिकेचा भाग आहे आणि त्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो: तेरा राज्यांच्या सैल संघाच्या, म्हणजे परिसंघाच्या, १७८१ पासून अमलात असलेल्या करारनाम्यात कोणते दोष होते आणि १७८७ मध्ये लिहिलेल्या राज्यघटनेने त्यांवर कोणते उपाय केले. गाइडमध्ये याचे उत्तर दोन रकान्यांच्या तक्त्यात दिलेले असते. डावीकडे ‘कर बसवण्याचा अधिकार नव्हता’ आणि उजवीकडे ‘तो अधिकार दिला’. डावीकडे ‘राष्ट्राध्यक्ष नव्हता’ आणि उजवीकडे ‘राष्ट्राध्यक्षपद निर्माण केले’. तक्ता पाठ होतो, पण माझ्या मनातले दोन प्रश्न त्यातून सुटत नाहीत.

पहिला असा, की दोष केवळ अधिकार नसण्याचा असता तर त्याच करारनाम्याला दोन-चार कलमे जोडून काम भागले असते; मग तो संपूर्ण दस्तऐवज बाजूला ठेवून नवा का लिहावा लागला? दुसरा असा, की जी राज्ये साध्या पाच टक्के आयातकरालाही एकमताने संमती देऊ शकली नाहीत, तीच राज्ये लगेच पुढच्या काही वर्षांत एवढे मोठे अधिकार सोडायला कशी तयार झाली? शिवाय साताऱ्यात वाढलेल्या माणसाला हे वाचताना छत्रपती, पेशवे आणि सरदार यांच्या संबंधांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. ही तुलना उत्तरपत्रिकेत लिहिण्याजोगी आहे का, याबद्दलही जाणकारांनी मार्गदर्शन करावे.


प्रीतिसंगम (कराड)

आपला पहिला प्रश्न या विषयाच्या मुळाशी जाणारा आहे. मी अनेक वर्षे महाविद्यालयात हा विषय शिकवला आहे आणि त्या तक्त्याबद्दल माझी तक्रार हीच आहे, की त्यात सगळे दोष सारख्याच वजनाचे वाटतात. वस्तुतः एक दोष मुळाचा होता आणि बाकीचे बहुतेक त्यातून फुटलेले होते.

करारनामा काँग्रेसने, म्हणजे तेरा राज्यांच्या प्रतिनिधींच्या मध्यवर्ती सभेने, १५ नोव्हेंबर १७७७ रोजी स्वीकारला आणि मेरीलँड या शेवटच्या राज्याची संमती मिळाल्यावर १ मार्च १७८१ पासून तो अमलात आला. ज्यांनी तो लिहिला ती माणसे त्या वेळी एका राजाशी आणि दूरवरून कर बसवणाऱ्या पार्लमेंटशी लढत होती. त्यामुळे आपल्याच देशात तशी दुसरी सत्ता उभी राहू नये, ही त्यांची काळजी समजण्यासारखी आहे. म्हणून दुसऱ्या कलमात प्रत्येक राज्य आपले सार्वभौमत्व राखून आहे असे स्पष्ट लिहिले गेले. लहान असो वा मोठे, प्रत्येक राज्याला एकच मत होते. प्रतिनिधींची नेमणूक राज्य करी, त्यांचा खर्च राज्य देई आणि वाटेल तेव्हा त्यांना परत बोलावण्याचा अधिकारही राज्यालाच होता. तह, युद्ध, कर्ज अशा महत्त्वाच्या गोष्टींना तेरापैकी नऊ राज्यांची संमती लागे आणि करारनाम्यात दुरुस्ती करायची तर तेराही राज्यांची.

आता हे सरकार चालत कसे होते ते पाहा. खर्चाचा अंदाज काँग्रेस ठरवी, तेरा राज्यांत त्याचे हिस्से पाडी आणि प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाला मागणीपत्र पाठवी. कर बसवायचा तो त्या विधिमंडळाने, गोळा करायचा तो राज्याच्या कारकुनांनी, आणि पैसे पाठवायचे की नाही हेही ठरवायचे राज्यानेच. एका राज्याने हात आखडला की शेजारचे राज्य विचारी, आम्हीच का भरावे? मागितलेल्या रकमेचा लहानसा भागच प्रत्यक्ष हाती येई. १७८३ च्या जून महिन्यात थकलेल्या पगारासाठी सैनिकांनी फिलाडेल्फियात काँग्रेसच्या सभागृहाला वेढा घातला, पेनसिल्व्हेनियाने संरक्षणाला आपले मिलिशिया (राज्याचे नागरी सैन्य) दिले नाही, आणि काँग्रेसला ते शहर सोडून प्रिन्स्टनला जावे लागले. १७८५ पासून फ्रान्सच्या कर्जावरचे व्याज देणेही थांबले. ज्या देशाच्या मदतीने स्वातंत्र्य मिळाले, त्याचेच देणे थकले.

यावर तुम्ही म्हणाल, की मग कराचा अधिकार द्यायचा आणि प्रश्न मिटवायचा. इथे थोडे थांबून तहांचे उदाहरण पाहावे लागते, कारण माझ्या मते सगळ्या चर्चेतला तो सर्वात बोलका पुरावा आहे. परराष्ट्रांशी तह करण्याचा अधिकार करारनाम्याच्या नवव्या कलमाने काँग्रेसला दिलेलाच होता. १७८३ मध्ये ब्रिटनशी झालेल्या पॅरिस तहात असे ठरले, की ब्रिटिश सावकारांना आपले जुने कर्ज वसूल करण्यात कायदेशीर अडथळा येणार नाही. तरीही अनेक राज्यांनी आपले कायदे तसेच ठेवले आणि राज्यांच्या न्यायालयांत सावकारांची वसुली अडकून राहिली. मग ब्रिटनने तेच कारण पुढे करून डेट्रॉइट, नायगरा यांसारखे सीमेवरचे किल्ले सोडायला नकार दिला. म्हणजे अधिकार लिखित होता, निःसंदिग्ध होता, आणि तरीही निरुपयोगी होता. काँग्रेसचा शब्द राज्याच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचत असे. त्याच्या आतल्या माणसापर्यंत, म्हणजे शेतकरी, व्यापारी, कर्जदार, न्यायाधीश यांच्यापर्यंत पोहोचण्याची त्याला वाटच नव्हती. नव्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ लिहिलेल्या ‘फेडरलिस्ट’ या लेखमालेच्या १५ व्या लेखात अलेक्झांडर हॅमिल्टनने मूळ दोष म्हणून हाच सांगितला आहे: कायदा व्यक्तींसाठी न करता सरकारांसाठी केला जात होता.

सरकारांसाठी केलेला कायदा मोडला गेला तर शिक्षा कोणाला करणार? संपूर्ण राज्यालाच करावी लागेल, आणि ती फौज पाठवूनच करता येईल. नवी राज्यघटना जिथे लिहिली गेली त्या १७८७ च्या फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात व्हर्जिनियाच्या प्रतिनिधींनी मांडलेल्या योजनेत कर्तव्य न पाळणाऱ्या राज्याविरुद्ध बळाचा वापर करण्याची तरतूद खरोखरच होती. ३१ मे १७८७ रोजी व्हर्जिनियाचा प्रतिनिधी जेम्स मॅडिसन यानेच ती बाजूला ठेवण्याची सूचना केली, कारण राज्यावर बळ वापरणे हे शिक्षेपेक्षा युद्ध पुकारण्यासारखे दिसेल, असे त्याचे म्हणणे होते. राज्यांच्या कायद्यांवर केंद्रीय विधिमंडळाला नकाराधिकार असावा, हा त्याचा आवडता उपायही अधिवेशनाने स्वीकारला नाही. मग उरला तो तिसरा मार्ग, आणि नवी राज्यघटना त्याच मार्गावर उभी आहे. संघाने कायदा थेट नागरिकासाठी करायचा, तो आपल्याच अधिकाऱ्यांकडून राबवायचा आणि तो मोडणाऱ्या व्यक्तीला न्यायालयात उभे करायचे. सहाव्या कलमात राज्यघटना, तिला अनुसरून केलेले कायदे आणि तह हे देशाचे सर्वोच्च कायदे ठरवले गेले आणि राज्याच्या कायद्यात काहीही म्हटलेले असले तरी प्रत्येक राज्यातील न्यायाधीश त्यांनी बांधलेला आहे असे लिहिले गेले. राज्याला फौजेने वाकवण्याऐवजी राज्याच्याच न्यायाधीशाला शपथेने बांधून घेण्याची ही युक्ती मला आजही अत्यंत विचारपूर्वक केलेली वाटते.

फरक प्रत्यक्षात कसा पडला ते दोन बंडांवरून दिसते. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागातील शेतकरी जड करांनी आणि कर्जाच्या दाव्यांनी पिचले होते. त्यांनी न्यायालये बंद पाडली आणि जानेवारी १७८७ मध्ये डॅनियल शेज याच्या नेतृत्वाखाली स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चाल केली. शस्त्रागार काँग्रेसचे होते, पण ते राखण्याइतके सैन्य काँग्रेसकडे नव्हते. ते राज्याच्या मिलिशियाने वाचवले आणि पुढचा बंदोबस्त बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या पैशांवर उभारलेल्या फौजेने केला. त्या शेतकऱ्यांचे गाऱ्हाणे खरे होते, हे विसरून चालणार नाही; पण ते ऐकण्याची किंवा आवरण्याची, दोन्हींची ताकद मध्यवर्ती सत्तेत नव्हती. याउलट १७९४ मध्ये पश्चिम पेनसिल्व्हेनियात मद्यावरच्या करावरून उठाव झाला तेव्हा राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनने सुमारे १३,००० मिलिशिया एकत्र केले, उठाव विरला, काही व्यक्तींवर खटले चालले, आणि राजद्रोहाबद्दल दोषी ठरलेल्या दोघांना माफीही मिळाली. पेनसिल्व्हेनिया या राज्याशी कोणाचे युद्ध झाले नाही.

तहांचेही तसेच. १७९६ मध्ये वेअर विरुद्ध हिल्टन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पॅरिसच्या तहापुढे व्हर्जिनियाचा कायदा निष्प्रभ ठरवला. त्याच तहातले तेच कलम, पण या वेळी ते न्यायालयात टिकले. म्हणून उत्तर लिहिताना आधी हा एक धागा मांडा आणि बाकीचे मुद्दे त्यात ओवा.


हळदपेठ (सांगली)

सरांनी मूळ सांगितलेच आहे. मी अभ्यासक नाही. सांगलीत हळदीचा व्यापार करतो आणि आवडीने इतिहास वाचतो. व्यापाराच्या बाजूने दोन गोष्टी जोडाव्याशा वाटतात, कारण फिलाडेल्फियाला माणसे जमली ती मुळात व्यापाराच्या अडचणींतून.

सांगलीची हळद गुजरातला, दिल्लीला, पुढे परदेशात जाते. वाटेतल्या प्रत्येक राज्याने आपापल्या सीमेवर स्वतःच्या मर्जीने आयातकर घेतला असता तर इथला सौदा कधीच देशाचा सौदा झाला नसता. जकात नाक्यावर ट्रकांच्या रांगेत ज्यांनी रात्री काढल्या आहेत त्यांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. अमेरिकेत नेमके तसेच झाले होते. न्यूयॉर्क बंदरात उतरणाऱ्या मालावरचा कर न्यूयॉर्कच्या तिजोरीत जाई, पण तो माल विकत घेणारे न्यू जर्सी आणि कनेक्टिकटचे लोकही त्या कराचा भार सोसत. म्हणून १७८३ ची पाच टक्के आयातकराची योजना अडवण्यात न्यूयॉर्कचा हितसंबंध होता. त्याआधीची १७८१ ची तशीच योजना एकट्या ऱ्होड आयलंडने मोडली होती. एकाच्या नकाराने बारांचे अडते, हे एकमताच्या अटीचे फळ.

दुसरीकडे ब्रिटनने वेस्ट इंडिजच्या बंदरांतून अमेरिकन जहाजांना हाकलले. त्याला उत्तर द्यायचे तर सर्वांनी मिळून ब्रिटिश जहाजांवर कर बसवायला हवा होता. पण एका राज्याने कर वाढवला की दुसऱ्याचे बंदर मोकळे असे आणि माल तिकडून आत येई. परराज्याशी भाव ठरवताना ज्यांच्यात एकी नाही त्यांना तोटाच सोसावा लागतो, हे बाजारातला कोणीही सांगेल.

पोटोमॅक नदीच्या वाहतुकीवरून मेरीलँड आणि व्हर्जिनिया यांची १७८५ मध्ये माउंट व्हर्ननला बैठक झाली. तिथून पुढे सप्टेंबर १७८६ मध्ये ॲनापोलिसला सर्व राज्यांना बोलावले गेले, पण आली पाचच राज्ये, बारा प्रतिनिधी. त्या बारांनी निराश होऊन घरी जाण्याऐवजी पुढच्या मे महिन्यात फिलाडेल्फियाला जमण्याचे आवाहन केले. मला या गोष्टीचे फार अप्रूप वाटते.

नव्या राज्यघटनेने पहिल्या कलमाच्या आठव्या विभागात परदेशी आणि आंतरराज्य व्यापाराचे नियमन काँग्रेसकडे दिले, नवव्या विभागात एका राज्याच्या बंदराला दुसऱ्यापेक्षा झुकते माप देण्यास मनाई केली आणि कोणत्याही राज्यातून निर्यात होणाऱ्या मालावर कर बसवायला बंदी घातली, आणि दहाव्या विभागात राज्यांचे हात बांधले. राज्याने नाणे पाडायचे नाही, कागदी चलन काढायचे नाही, करारांचे बंधन सैल करणारा कायदा करायचा नाही. हा दहावा विभाग लोक घाईने वाचतात. १७८६ मध्ये ऱ्होड आयलंडने कागदी चलन काढून सावकारांना ते घेण्याची सक्ती केली होती. उधारीवर चालणाऱ्या व्यापाराचा विश्वासच अशाने नाहीसा होतो. नव्या काँग्रेसने ४ जुलै १७८९ रोजी आयातकराचा कायदा केला आणि कर गोळा करायला बंदरांवर संघाचे स्वतःचे अधिकारी बसले. त्यानंतर मागणीपत्रे पाठवण्याची पाळी आली नाही.

राज्याराज्यांतल्या तंट्यांचा मुद्दा सांगलीकराला जवळचा आहे, कारण कृष्णेच्या पाण्याचा तंटा आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. करारनाम्यात अशा तंट्यांसाठी दर वेळी नवे न्यायपीठ नेमण्याची पद्धत होती. वायोमिंग खोऱ्यावरून पेनसिल्व्हेनिया आणि कनेक्टिकट भांडत होते. १७८२ मध्ये ट्रेंटनला अशाच पीठाने पेनसिल्व्हेनियाच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे ती तरतूद अगदीच मृत नव्हती. पण कायमचे न्यायालय नव्हते आणि निकाल राबवणारा हातही नव्हता. नव्या राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमाने दोन राज्यांमधील वाद थेट सर्वोच्च न्यायालयाकडे सोपवले. आपल्याकडे राज्याराज्यांचे वाद १३१ व्या अनुच्छेदाने सर्वोच्च न्यायालयाकडे जातात, पण नदीच्या पाण्यासाठी २६२ व्या अनुच्छेदाने वेगळी वाट काढली आणि १९५६ च्या कायद्याखाली लवाद नेमले जातात. कृष्णा लवाद १९६९ मध्ये नेमला गेला तो याच कायद्याखाली. याबद्दल माझे मत असे, की पाण्याच्या बाबतीत आपण कायमच्या न्यायालयाऐवजी दर वेळी नवे पीठ नेमण्याची जुनी पद्धत पत्करली, आणि विलंबाचे बरेचसे कारण त्यातच आहे.


यवतेश्वर (सातारा)

दोघांचीही मनापासून आभारी आहे. तहाचे उदाहरण वाचल्यावर ‘अधिकार होता पण पोहोच नव्हती’ हे स्पष्ट झाले. आता माझा दुसरा प्रश्न आणि मराठ्यांच्या तुलनेचा मुद्दा तेवढा राहिला. आणखी एक शंका आहे: करारनाम्याच्या १३ व्या कलमानुसार बदलाला तेराही राज्यांची संमती हवी होती, पण नव्या राज्यघटनेला नऊ पुरेशी ठरली. हे कायदेशीर कसे?


माहुली (सातारा)

तुलनेविषयी लिहितो, कारण माझे वाचन मराठ्यांच्या इतिहासातले आहे. तुलना करावी, पण मर्यादा सांगून करावी.

साम्य पैशांच्या वाटेत आहे. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या आणि दख्खनच्या सहा सुभ्यांतील वसुलीची वाटणी ठरवली. चौथाईपैकी शेकडा २५ हिस्सा राजबाबती म्हणून छत्रपतींचा, शेकडा ६ साहोत्रा पंत सचिवांचा, शेकडा ३ नाडगौडा छत्रपतींच्या मर्जीने द्यावयाचा, आणि उरलेला शेकडा ६६ मोकासा सरदारांचा, त्यांनी फौज बाळगावी म्हणून. वसूल करणारा हात मात्र सरदाराचाच. सातारच्या गादीला मिळायचे ते सरदाराच्या हातून. रयतेशी थेट संबंध फक्त आपापल्या खास मुलखात. शाहू महाराजांच्या हयातीत त्यांच्या शब्दाला मान होता तोवर हे चालले. १७४९ मध्ये ते निवर्तले. पुढे पुण्याचे वर्चस्व आणि नंतर शिंदे, होळकर, गायकवाड, नागपूरकर भोसले यांची स्वतंत्र राज्ये असा क्रम लागला. १७८२ चा इंग्रजांशी झालेला सालबाईचा तह घडवून आणला तो महादजी शिंद्यांनी, आणि त्याची हमीही त्यांनीच दिली. १८०३ मध्ये शिंदे आणि भोसले इंग्रजांशी लढले तेव्हा होळकर बाजूला राहिले, आणि १८०४ मध्ये होळकर लढले तेव्हा ते एकटे होते. प्रीतिसंगम सरांनी म्हटले ते इथेही लागू पडते: मध्यवर्ती सत्तेचा हुकूम सरदाराच्या दौलतीच्या सीमेवर थांबत होता.

पण इथे मला एक आक्षेप नोंदवायचा आहे. अमेरिकेतील राज्ये म्हणजे निवडून आलेली विधिमंडळे होती; आपल्याकडची घटक सत्ता वंशपरंपरागत सरंजामदारांची होती. तिथे एक लिखित करारनामा होता, ज्याच्यावर बोट ठेवून ‘हे कलम चुकले’ असे म्हणता येत होते. आपल्याकडे सनदा, करारमदार, वहिवाटी आणि मानमरातब यांची गुंतागुंत होती आणि सर्वांनी एका जागी बसून ती नव्याने लिहावी अशी संस्थाच नव्हती. मराठ्यांचे अपयश स्वभावातल्या दुहीवर टाकण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. मला ती अन्यायाची वाटते. तेरा राज्यांतही दुही होती, स्वार्थ होता, थकबाकी होती. त्यांच्याकडे दोष दुरुस्त करायला एकत्र बसण्याची वाट होती, ती आपल्या पूर्वजांकडे नव्हती. परीक्षेत एवढाच मुद्दा दोन वाक्यांत लिहावा; त्याहून अधिक लिहिल्यास विषय सुटेल.


वारणाकाठ (मिरज)

मी वकिली करतो, म्हणून संमतीचा आणि कायदेशीरपणाचा प्रश्न मला घेऊ द्यावा.

राज्ये तयार झाली ती एका दमात नव्हे आणि सहजही नव्हे. अधिवेशन २५ मे ते १७ सप्टेंबर १७८७ चालले. त्याला ५५ प्रतिनिधी उपस्थित राहिले आणि ३९ जणांनी सह्या केल्या. ऱ्होड आयलंडने कोणालाच पाठवले नाही. मोठ्या राज्यांना लोकसंख्येनुसार प्रतिनिधित्व हवे होते, तर लहान राज्यांना एक राज्य एक मत सोडवत नव्हते. १६ जुलैला तडजोड झाली: प्रतिनिधिगृह लोकसंख्येनुसार आणि लोकांनी थेट निवडलेले, सिनेटमध्ये मात्र प्रत्येक राज्याला दोन सारख्या जागा, आणि सिनेटर निवडायचे राज्याच्या विधिमंडळाने. सदस्याचे मत त्याचे स्वतःचे झाले आणि वेतन संघाच्या तिजोरीतून मिळू लागले. जुन्या काँग्रेसमध्ये गैरहजेरीचा रोग होता. पॅरिसच्या तहाला मान्यता देण्यासाठी नऊ राज्यांचे प्रतिनिधी जमवता जमवता १४ जानेवारी १७८४ उजाडला होता. तो रोग या दोन बदलांनी बराच कमी झाला.

दक्षिणेकडील राज्यांची संमती मात्र माणसांना किंमत मोजायला लावून मिळवली गेली, आणि ही गोष्ट दोषांच्या आणि उपायांच्या कोणत्याही तक्त्यात येत नाही याचे मला वाईट वाटते. प्रतिनिधित्व मोजताना गुलामांची संख्या तीन पंचमांश धरली गेली, गुलामांची आयात १८०८ पर्यंत थांबवता येणार नाही असे ठरले, आणि पळून गेलेल्या गुलामाला परत सोपवण्याचे बंधन घातले गेले. संघ व्यक्तीपर्यंत पोहोचला असे आपण वर म्हणालो. या व्यक्तींपर्यंत तो पोहोचला तो त्यांना बेडीत ठेवणाऱ्यांच्या बाजूने. जुन्या सरकारचा एक दोष दूर करताना नव्या सरकारने हा दोष आपल्या पायाभरणीतच घेतला.

उलट जुन्या काँग्रेसच्या पदरी एक चांगले काम आहे, तेही नोंदवावे. १३ जुलै १७८७ च्या वायव्य प्रदेशाच्या वटहुकुमाने ओहायो नदीच्या उत्तरेच्या मुलखात गुलामगिरीला बंदी केली आणि तिथून पुढे निर्माण होणारी राज्ये जुन्या राज्यांच्या बरोबरीने संघात येतील असे ठरवले. एवढे दुर्बल सरकार हे करू शकले, कारण तो मुलूख थेट काँग्रेसच्या ताब्यात होता आणि मध्ये कोणतेही राज्य नव्हते. सरांचा मुद्दा इथे उलट्या बाजूने सिद्ध होतो.

सामान्य लोकांच्या मनातली भीती खरी होती. राज्यघटनेला संमती द्यावी की नाही हे ठरवणाऱ्या व्हर्जिनियाच्या परिषदेत विरोधक पॅट्रिक हेन्रीने विचारले, की ‘आम्ही राज्ये’ असे म्हणण्याऐवजी ‘आम्ही लोक’ असे म्हणण्याचा अधिकार यांना कोणी दिला? मॅसॅच्युसेट्समध्ये १८७ विरुद्ध १६८, व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९ आणि न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७ अशी मते पडली. मूलभूत हक्कांची यादी जोडण्याचे आश्वासन मिळाले म्हणून काठावरची मते वळली; त्या पहिल्या दहा दुरुस्त्या १५ डिसेंबर १७९१ रोजी पूर्ण झाल्या. सरकार थेट नागरिकापर्यंत पोहोचणार असेल तर नागरिकालाही त्याच्यापासून थेट संरक्षण हवे, ही विरोधकांची मागणी होती, आणि माझ्या मते राज्यघटनेतला तो सर्वात मोलाचा भाग विरोधकांनीच मिळवून दिला.

याचा आपल्याशी संबंध शोधायचा तर फार लांब जायला नको. १९३५ च्या भारत सरकार कायद्यात जो संघ योजला होता त्यात सांगली, औंध यांसारख्या संस्थानांनी सामीलनाम्यावर सही करून यायचे होते. संघाचा कायदा संस्थानात चालणार तो संस्थानिकाने मान्य केलेल्या विषयांपुरता, आणि संघीय विधानसभेच्या ३७५ जागांपैकी संस्थानांच्या १२५ जागांवर बसणारे प्रतिनिधी संस्थानिकांनी नेमलेले. सांगली संस्थानातल्या शेतकऱ्याशी त्या संघाचा थेट संबंध जवळजवळ नव्हताच. पुरेशी संस्थाने सामील न झाल्याने तो संघ कधी अस्तित्वातच आला नाही. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली आणि १९५० च्या संविधानाने इथल्या प्रत्येक प्रौढाला लोकसभेचे मत दिले. ज्यांची शाळा साताऱ्यात १९०० साली सुरू झाली, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना अमेरिकेचा हाच अनुभव समोर ठेवला होता. आपला संघ राज्यांमधील करारातून जन्मलेला नाही, म्हणून कोणत्याही राज्याला त्यातून फुटण्याचा हक्क नाही, असे त्यांनी सांगितले. अमेरिकनांना तेच ठरवण्यासाठी यादवी युद्ध लढावे लागले, म्हणून ही गोष्ट वादासाठी मोकळी न सोडता आरंभीच स्पष्ट केलेली बरी, असे त्यांचे म्हणणे होते. १७८७ च्या राज्यघटनेने फुटून जाण्याबद्दल मौन पाळले होते, आणि ती उणीव ७० हून अधिक वर्षांनी रक्तपात होऊन उघडी पडली.

आता आपली शंका. काटेकोर अर्थाने पाहिले तर १३ व्या कलमाचे उल्लंघन झाले, हे मान्य करावे लागते. काँग्रेसने २१ फेब्रुवारी १७८७ रोजी परवानगी दिली होती ती करारनाम्यात सुधारणा सुचवण्यापुरती. समर्थकांचे उत्तर असे होते, की राज्यांच्या विधिमंडळांपेक्षा लोक वरचे आहेत आणि लोकांनी खास निवडलेल्या परिषदांनी दिलेली संमती विधिमंडळांच्या कराराहून श्रेष्ठ आहे. शिवाय सातव्या कलमात असे लिहिले होते, की नऊ राज्यांच्या मान्यतेने राज्यघटना लागू होईल ती मान्यता देणाऱ्या राज्यांपुरतीच. न्यू हॅम्पशायर हे नववे राज्य २१ जून १७८८ रोजी आले. ३० एप्रिल १७८९ रोजी वॉशिंग्टनने शपथ घेतली तेव्हा नॉर्थ कॅरोलिना आणि ऱ्होड आयलंड बाहेर होते, आणि त्यांच्यावर कोणी फौज नेली नाही. नॉर्थ कॅरोलिना त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आत आले. ऱ्होड आयलंडला परदेशाप्रमाणे वागवून त्याच्याशी व्यापार तोडण्याचे विधेयक सिनेटने मंजूर केले, तेव्हा २९ मे १७९० रोजी त्या राज्याच्या परिषदेने ३४ विरुद्ध ३२ मतांनी संमती दिली. उत्तरपत्रिकेत १३ वे आणि ७ वे कलम शेजारी ठेवून हा क्रम तारखांसह लिहा. परीक्षकाला वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागणार नाही.